मफलरवाला वस्ताद: एका कोल्हापुरी पात्राच्या मालकीचं प्रकरण

प्रकरण असं आहे. कोल्हापुरातला एक हौशी नट. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत नोकरी, पाळ्या सांभाळून नाटक. त्याचं आठ-नऊ मिनिटांचं एक विनोदी पात्र गावात चांगलंच चाललं, मोबाइलवर फिरलं, आणि एक दिवस मुंबईहून एका मराठी वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या निर्मात्यांचा फोन आला. पात्र घेऊन या म्हणाले. पाठोपाठ करारनाम्याची पीडीएफ आली, सगळी इंग्रजीत. आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. सही करायची का, एवढाच प्रश्न सगळ्यांपुढं होता. ती सही एकट्या नटानं करून भागेल का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्या प्रहसनाचं दिग्दर्शन माझं. लिहिणाऱ्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. दोघांना विचारूनच हे लिहितोय. नावं, वाहिनी, मानधनाचे आकडे यातलं काही देणार नाही. पण असे फोन हल्ली हौशी मंडळींना बरेच येतात आणि आनंदाच्या भरात कागद कुणी वाचत नाही, म्हणून बाकीचा तपशील न कापता देतो.

पात्र कसं आहे

वस्ताद म्हणजे पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, कुठल्याच तालमीच्या वहीत नाव नसलेला गृहस्थ. गंगावेशीत दूध कट्ट्यावर, समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा ग्लास हातात धरून तो पोरांना आपल्या कुस्त्या सांगतो. खासबाग मैदानात गर्दी किती होती, हलगी कशी कडाडत होती, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू किती घातलं होतं, समोरच्या गड्याची मांडी केवढी होती. वर्णन इतकं बिनचूक की ऐकणाऱ्याला शंकाच येऊ नये. फक्त प्रत्येक गोष्टीत सलामी झाली की काहीतरी होतं. पाऊस येतो. लाइट जाते. पाहुण्यांचं भाषण लांबतं आणि दिवस मावळतो. शेवटी एक पोरगं विचारतं, "म्हंजे वस्ताद, तुमी कुस्ती केलीच न्हाई व्हय?" त्यावर तो मनापासून दुखावतो. "केली न्हाई असं कुठं म्हणतोय मी? लागली न्हाई. करणं माझ्या हातात हुतं, लावणं कमिटीच्या."

हे संवाद बाईंचे. पण पात्राचा जीव संवादात नाही, मफलरमध्ये आहे. भर मे महिन्यात वस्तादाच्या कानावरून घट्ट मफलर गुंडाळलेला असतो. त्याचं कारण प्रहसनात कुणीही, कधीही बोलून दाखवत नाही. वर्षानुवर्षं मातीत डोकं घासून पैलवानाचे कान मोडतात, सुजून गाठीसारखे होतात. कोल्हापुरात शाळेतलं पोरसुद्धा कान बघून पैलवान ओळखतं. वस्तादाचे कान शाबूत आहेत. ते दिसले की सगळा डाव उघडा.

प्रेक्षकांना हे साधारण तिसऱ्या मिनिटाला कळायचं. हशा मागच्या रांगांतून सुरू व्हायचा, कारण तालमीतली पोरं मागंच बसतात. पुढच्या रांगेतली मंडळी मागं वळून बघायची, काय झालं म्हणून. मग शेजारचा त्यांच्या कानात सांगायचा आणि दुसरी लाट यायची. नट तेवढ्यात मफलरची गाठ नुसती एकदा चाचपून बघायचा. बोट गाठीपर्यंत न्यायचं, लावायचं, काढायचं. बस. त्या एका हालचालीवर आम्ही तालमीत जितका वेळ घालवला तितका बाकी कशावर नाही. बोट जरा जास्त रेंगाळलं की तो "विनोद करतोय" हे दिसायचं आणि हशा निम्म्यावर यायचा. वस्ताद विनोद करत नाही, तो अब्रू झाकतो.

शेवटी दूध सांडतं, एक पोरगं ते पुसायला वस्तादाचा मफलर खेचून घेतं, आणि तो दोन्ही तळव्यांनी कान झाकून उभा राहतो. पोरं ओरडतात, "वस्ताद, हात काढा की!" तो म्हणतो, "काय? ऐकू येत न्हाई!" आणि पडदा.

मफलर नटाला सुचला. त्याचे चुलते जुने पैलवान, त्यांचे कान बघत तो लहानाचा मोठा झाला. दूध सांडणं आणि तळवे माझे. पोरांचे निम्मे प्रश्न तर तालमीला बसलेल्या पोरांनीच टाकलेले. आता यातून वस्ताद नावाचा माणूस वेगळा काढून तो कुणाच्या नावावर करायचा?

आपल्याकडं हा प्रश्न फारसा कधी पडलाच नाही. गवळणीतली मावशी कुणी पहिल्यांदा उभी केली, बतावणीतल्या सोंगाड्याचा अमुक जबाब कुणाचा, हे तमाशात विचारत नसत. एका फडातली कोटी दुसऱ्या फडात गेली तर ज्याला जास्त टाळ्या त्याची ती. ती व्यवस्था चालली, कारण सगळेच एकमेकांचं उचलत होते आणि कुणाकडंच करारनामा नव्हता. एका बाजूला वकिलांची फौज आणि दुसऱ्या बाजूला फाउंड्रीतला मोल्डर आला की ती मोकळीक एकाच बाजूच्या फायद्याची होते.

कागदात काय होतं

आमच्यातल्याच एका वकील मित्रानं कागद वाचून दिला. बहुतेक कलमं नेहमीची होती. अडचणीची तीन.

पहिलं, कार्यक्रमात सादर झालेलं पात्र, त्याचं नाव, वेशभूषा, लकबी, ठरावीक वाक्यं, हे सगळं कायमचं आणि जगभरासाठी निर्मात्यांचं. दुसरं, करार चालू असताना आणि त्यानंतर काही काळ नटानं ते पात्र किंवा "त्याच्याशी साधर्म्य असलेलं" पात्र इतरत्र कुठंही करायचं नाही. यात नाटक आलं, मंडळाचा गणपती आला, लग्नाची हळद आली आणि मोबाइलवरचं रीलही आलं. तिसरं, पात्र ही आपली एकट्याची निर्मिती असून त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, अशी हमी नटानं द्यायची.

तिसऱ्या कलमावर मित्रानं पेन टेकवून ठेवलं होतं. ती सही म्हणजे सरळ खोटं. उद्या बाईंनी हक्क सांगितला असता तर निर्माते हात वर करून मोकळे, भरपाईला आमचा गडी. एका भागाचं मानधन त्याच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास जात होतं हेही सांगायला हवं. बाहेर बसून "सही करू नकोस" म्हणणं सोपं असतं.

याआधी असं झालंय का

झालंय, आणि निरनिराळ्या तऱ्हांनी. तालमीच्या खोलीत त्या रात्री जी नावं निघाली ती देतो.

सगळ्यात जवळचं उदाहरण हिंदी टीव्हीचं. 2013 साली कलर्सवर 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' सुरू झालं आणि त्यातली सुनील ग्रोवरची गुत्थी घराघरांत पोचली. काही महिन्यांतच तो कार्यक्रमातून बाहेर पडला. ते पात्र आमचं आहे, दुसरीकडं वापरू नये, अशी जाहीर सूचना वाहिनीकडून निघाली. 2014 मध्ये तो स्टार प्लसवर 'मॅड इन इंडिया'त आला तो चुटकी बनून. नट तोच, बाईचा वेश तसाच, नाव दुसरं. प्रेक्षकांना काय समजायचं ते समजलं, पण गुत्थीची जादू चुटकीत आली नाही. पुढं 2016 मध्ये सोनीवर कपिलच्याच नव्या कार्यक्रमात त्यानं डॉक्टर मशहूर गुलाटी उभा केला आणि तोही तितकाच गाजला. आमच्या नटाला यातून धीर आला: पात्र गेलं तरी नट उरतो. बाईंनी लगेच विचारलं, "आणि लेखक?"

बाईंचा सवाल खोटा नव्हता. वसंत सबनीसांचंच बघा. 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य त्यांचं, 'सोंगाड्या'चं लेखन त्यांचं, 'अशी ही बनवाबनवी'चं लेखनही त्यांचं. महाराष्ट्रात आज धनंजय माने माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. तो अशोक सराफांचा, हे सगळे सांगतात. तो सबनीसांच्या लेखणीतून उतरला हे किती जण सांगतील? पडद्यावर चेहरा दिसतो, लेखणी दिसत नाही. विनोदी पात्रांत तर हे फारच होतं, कारण चांगला नट वाक्य असं टाकतो की ते त्याला त्या क्षणी सुचलंय असंच वाटावं.

दादा कोंडक्यांनी हा गुंता आपल्या पद्धतीनं सोडवला. 'विच्छा'तल्या हवालदारानं त्यांना रंगभूमीवर नाव दिलं. भालजी पेंढारकरांनी 1969 साली 'तांबडी माती'तून पडद्यावर आणलं. आणि 1971 मध्ये 'सोंगाड्या' त्यांनी स्वतःच निर्माता होऊन काढला. तो भोळसट, ढगळ अर्ध्या चड्डीतला, नाडी लोंबणारा गडी पुढं चित्रपटांमागून चित्रपट त्यांच्याच मालकीत राहिला. त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनेस बुकात झाली. पात्र आपलं ठेवायचं तर पैसा आपण घालायचा, हा त्यातला व्यवहार. फाउंड्रीतल्या माणसाला तो झेपणारा नाही, हेही तितकंच खरं.

चौथं नाव आमच्याच गावचं, आणि ते निघाल्यावर खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. गणपत पाटील. तमाशापटांतला नाच्या म्हटला की आजही तेच डोळ्यांपुढं येतात, "आत्ता गं बया" म्हणताना. त्यांची सही कुठल्या कागदावर नव्हती, वाहिनीनं त्यांना बांधून घातलं नव्हतं. तरी ते पात्र त्यांच्या अंगाला असं चिकटलं की संसारी, मुलाबाळांच्या माणसाला लोकांनी खऱ्या आयुष्यातही नाच्याच मानलं. 2008 मध्ये ते गेले. नटाची मालकी पात्रावर असावी असं आपण म्हणतो, पण पात्राची मालकी नटावर बसते तेव्हा कोणतं कलम लावायचं? 1992 सालच्या 'एक होता विदूषक'मध्ये लक्ष्मीकांत बेर्ड्यांनी किती वेगळं काम केलं होतं. पण त्यांचा नेहमीचा लक्ष्या बघायला आलेल्या प्रेक्षकांनी तो चित्रपट हवा तसा उचलला नाही.

आणि एक फार लांबचं. चार्ली चॅप्लिनची हुबेहूब नक्कल करून चार्ल्स अमाडोर नावाचा मेक्सिकन नट 'चार्ली ॲप्लिन' या नावानं चित्रपटात आला. चॅप्लिन कोर्टात गेला आणि जिंकला. 1928 साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानंही तो निकाल कायम केला. पण निकालाची मेख वेगळीच आहे. ढगळ विजार आणि काठी फक्त चॅप्लिननंच वापरायची असं कोर्ट म्हणालं नाही. लोकांना फसवून दुसऱ्याचा माल चॅप्लिनचा म्हणून खपवता येणार नाही, एवढंच म्हणालं. ही गोष्ट आम्हाला पुढं उपयोगी पडणार होती, तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आपला कायदा

वकील मित्रानं सांगितलेलं माझ्या भाषेत देतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात "पात्र" नावाचं वेगळं खातं नाही. संहिता हे साहित्य आहे, तिचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं. नोंदणी केली नाही तरी हक्क असतोच, पण भांडण झालं तर नोंदणीचा कागद पुराव्याला बरा. नटाला त्याच्या सादरीकरणाचा हक्क असतो, तो 50 वर्षांचा. कायद्यातल्या सादरकर्त्यांच्या यादीत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्याताही आहेत. गारुड्याच्या पंगतीत व्याख्याता बसवणाऱ्या त्या मसुदाकाराला एकदा भेटायला आवडलं असतं.

2012 च्या दुरुस्तीनं नटाला आणखी काही मिळालं. आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कामाची अब्रू जाईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. चित्रपटासाठी लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला आडकाठी करता येत नाही, पण व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क शिल्लक राहतो. श्रेयनामावलीत नाव असणं इथं महत्त्वाचं, कारण किरकोळ काम करणाऱ्या आणि नाव न लागलेल्या माणसाला कायदा बहुतेक बाबतींत सादरकर्ता मानतच नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच वाहिन्यांच्या कागदात "कायमचं" आणि "जगभर" हे शब्द न चुकता असतात.

आणि मफलर? कल्पनेवर कॉपीराइट नसतो. शाबूत कान झाकणारा खोटा पैलवान ही कल्पना झाली, ती कुणीही वापरावी. बाईंची वाक्यं मात्र उचलता येत नाहीत. नटाचा चेहरा पडला. त्याची स्वतःची जी सगळ्यात भारी भर होती, तिलाच कुंपण नव्हतं.

"मफलर काढता येईल का?"

कागदाचं चाललं असतानाच निर्मात्यांच्या लेखन चमूबरोबर व्हिडिओ कॉल झाला. माणसं सौजन्याची होती. प्रहसन त्यांनी नीट बघितलं होतं, दाद मनापासून दिली. मग सूचना आल्या. मफलरमुळं चेहरा झाकला जातो, तो काढू. त्याऐवजी फेटा, झुबकेदार मिशी, खांद्यावर गदा. दर दोन वाक्यांना "नाद खुळा". तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर एखादी कोटी. आणि वस्ताद खरोखरच जुना नामांकित पैलवान असला तर पाहुण्या कलाकाराशी कुस्ती लावता येईल.

नट पाच मिनिटं ऐकून घेऊन म्हणाला, "मग त्यो खोटं कशापायी बोलतोय?"

पलीकडून उत्तर आलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष मला फारसा वाटत नाही. आठवड्याला भाग उभे करायचे, एकेका प्रहसनाला जेमतेम दोन-तीन तालमी, आणि वाहिनी बदलायला सरसावलेल्या माणसाला दहा सेकंदांत कळलं पाहिजे की हा कोण आहे. मफलरचा विनोद तिसऱ्या मिनिटाला लागतो. शिवाय तो कळायला पैलवानाचे कान बघितलेले असावे लागतात. नागपुरात, नाशकात तो किती जणांना लागेल हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. 2016 मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' आल्यापासून कोल्हापुरी बोली टीव्हीवर चालते हे वाहिन्यांना पक्कं माहीत आहे. सूर कोल्हापुरी असला की अर्धं काम झालं, असा हिशेब त्यातून तयार झाला.

पण टीव्हीवर खोल पात्र चालतच नाही, असं कुणी म्हणू नये. 'चला हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्रं वाचायचा, तेव्हा हसणारी माणसं चिडीचूप व्हायची. 'हास्यजत्रे'त नम्रता संभेरावची लॉली बघा. तिचा आवाज आणि चाल लोक नक्कल करतात, पण हसू येतं ते तिला स्वतःबद्दल जे वाटतं आणि समोरच्याला जे दिसतं त्यातल्या फटीमुळं. गौरव मोरेनं तर आपली पवईतली फिल्टरपाडा वस्ती लपवण्याऐवजी मिरवली. वस्तादाची फट म्हणजे त्याचे कान. ती बुजवून वर गदा ठेवली की उरतो तो पहिलवानाच्या वेशातला कुणीतरी. तो दोन भाग हसवेल. तिसऱ्या भागात गदा रबराची करतील, चौथ्यात ती पाहुण्याच्या डोक्यात बसेल.

घरातलं भांडण

निर्मात्यांना उत्तर द्यायच्या आधी आम्हा तिघांचं ठरणं भाग होतं. खरं भांडण तिथं झालं.

नटाचं म्हणणं, "मी नसलो तर वस्ताद काय हाय? कागूद."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि मी नसते तर तू मफलर गुंडाळून गप्प बसला असतास."

दोघंही बरोबर असल्यामुळं ते भांडण लवकर मिटलं नाही. मी मध्ये पडलो तर दोघं माझ्यावर. "तळवे म्हणं ह्यांचे!" अखेर मित्रानं सुचवलं तसं एक साधं पत्र केलं. संहिता बाईंची. सादरीकरण नटाचं. बाईंनी संहिता नोंदवायची, त्यात मफलरची कल्पना नटाची असल्याचा उल्लेख करायचा. कायद्यानं त्याला किंमत असो वा नसो, आम्हाला ती होती. जिथं मानधन मिळेल तिथं निम्मं नटाला, उरलेल्यात बाई आणि आमची नाट्यसंस्था समान. नट हे पात्र करतोय तोवर बाईंनी ते परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि बाईंना विचारल्याशिवाय नटानं संहितेत फिरवाफिरव करायची नाही. ऐनवेळी सुचलेल्या वाक्यांचा मुद्दा मुद्दामच मोकळा ठेवला. लोकनाट्याच्या रक्तातली गोष्ट कागदावर बांधायला कुणाचाच हात धजेना.

निर्मात्यांशी काय ठरलं

आम्ही कळवलं: ठरावीक भागांपुरता वस्ताद वापरा, मालकी देणार नाही, रंगमंचावरचे प्रयोग चालू राहतील, लेखिकेचं नाव लागेल, मफलर राहील. आठवड्याभरानं उत्तर आलं की कायदा विभाग असे करार करत नाही. उत्तर सरळ होतं, टोलवाटोलवी नव्हती. पण नट त्यांना हवा होता. नवं पात्र आणा म्हणाले.

त्यानं आणला तो कुस्त्यांचा निवेदक. मैदानातल्या माइकवरच्या त्या भरधाव शैलीत तो लग्नाची वरात, बँकेतली रांग, सासू-सुनेची जुगलबंदी असं काहीही सांगतो. हे पात्र त्यांच्यासाठीच बांधलं होतं, म्हणून त्याची मालकी त्यांना देताना कुणाचा जीव तुटला नाही. फक्त एकट्याच्या निर्मितीची ती हमी बदलून घेतली, श्रेयनामावलीत नाव लावायचं लिहून घेतलं आणि साधर्म्याच्या कलमातून वस्तादाला नाव घेऊन वगळलं. एवढं त्यांनी मान्य केलं. मागितल्यावर मिळतं. मागायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं.

निवेदक काही भाग चालला. बरा होता, गाजला नाही. मला विचाराल तर त्याला झाकायला काही नव्हतं. तो पहिल्या वाक्याला जसा होता तसाच शेवटच्या वाक्याला. नटाला मात्र कॅमेऱ्यापुढं उभं राहायची सवय झाली, चार ओळखी झाल्या, आणि फाउंड्रीतल्या सुपरवायझरनं त्याची पाळी बदलून देताना पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

नकली वस्ताद

इथं प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण काही महिन्यांनी एक व्हिडिओ आला. पंचगंगेपलीकडच्या एका गावात, यात्रेच्या रंगमंचावर, मफलर गुंडाळलेला वस्ताद. दुधाचा ग्लास तोच, पाऊस तोच, लाइट जाते ती तशीच. कमिटीचं वाक्य तर शब्दाला शब्द. बाई खवळल्या. नोटिसीचा मसुदा त्याच रात्री तयार झाला, आणि या वेळी कायदा आमच्या बाजूनं होता, निदान वाक्यांपुरता. मित्राला चॅप्लिन आठवला. तो म्हणाला, "हा पोरगा तुमच्या नटाच्या नावावर तिकिटं विकत नाही, फसवणूक नाही. वाक्यांवर धरा, मफलरवर धरू नका."

नोटीस धाडण्याआधी एकदा प्रयोग बघू म्हणून आम्ही तिघं गेलो. पोरगा चोविशी-पंचविशीचा, आवाज खणखणीत, वेळेची जाण उपजत. आमच्या नटाची मान दोनदा आपसूक हलली. शेवटी दूध सांडलं, मफलर निघाला, आणि मंडपात हसण्याऐवजी कुजबुज सुरू झाली. पोराचे दोन्ही कान मोडलेले होते. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटलेला खराखुरा पैलवान होता तो. तळवे कानांवर जाईपर्यंत सगळ्यांना दिसून चुकलं होतं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. मग आतापर्यंत आपण हसलो कशाला? टाळ्या पडल्या, पण भलत्याच. गावच्या पोराच्या कौतुकाच्या.

विंगेत तो आम्हाला बघून घाबरला. वाक्यं कुठून घेतली ते त्यानं लगेच कबूल केलं. मग बाईंच्या पाया पडून म्हणाला, "बाई, समदं जमतंय. शेवटच लागत न्हाई."

बाईंनी पर्समधला मसुदा बाहेर काढलाच नाही. घरी येऊन त्यांनी त्याच्यासाठी दुसरा शेवट लिहिला. त्यात पोरं मफलर खेचत नाहीत. वैतागलेला वस्ताद स्वतःच तो काढून मोडके कान सगळ्यांना दाखवतो, आणि पोरं एकमेकांकडं बघून म्हणतात, "कान कुठनं आणलं वस्ताद? भाड्यानं मिळत्यात व्हय?" तो जितका शपथा घेतो तितका कुणाचा विश्वास बसत नाही.

आमच्या पत्राप्रमाणं त्यासाठी नटाचीही संमती लागली, ती त्यानं जरा ताणून दिली. करार एका पानाचा, मराठीत आहे. मुदत तीन वर्षं, क्षेत्र कोल्हापूर जिल्हा, लेखिकेचं नाव प्रत्येक प्रयोगाआधी माइकवरून घ्यायचं, आणि बाईंचं मानधन पडदा उघडण्याच्या आधी. हा शेवट आपल्याला का दिला नाही म्हणून आमचा नट रुसलाय, आणि ते त्यानं बाईंना दोनदा बोलून दाखवलंय.